ए.ए.ची एक मीटिंग करून आलो, जमली नाही. दुसरी कशी शोधायची?

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

नवा आयडी काढलाय, कारण उघड आहे. जुन्या आयडीने इथले बरेच जण ओळखतात, दोघं-तिघं तर माझ्यासोबत 'बसलेले'ही आहेत.

वय ४३, चिंचवड, कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. अठरा वर्षं पितोय, शेवटची पाच वर्षं रोज. बंद करून आज एकोणीस दिवस झाले. त्यातले पहिले सहा हॉस्पिटलात गेले. निघताना डॉक्टर म्हणाले की नुसत्या गोळ्यांवर राहू नका, ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे एकमेकांना आधार देणारे गट) मीटिंगला जायला लागा.

मागच्या गुरुवारी गेलो. शाळेचा वर्ग होता. चौथीच्या पोरांची बाकं, गुडघे आत जाईनात. फळ्यावर सतराचा पाढा अर्धवट पुसलेला. सोळा-सतरा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. एका काकांनी पंचवीस मिनिटं त्यांच्या नांदेडच्या बदलीची गोष्ट सांगितली. दारू त्यात कुठे येते याची मी वाट बघत होतो, ती आलीच नाही. मग सगळे माझ्याकडे वळले. 'नवीन आहात, वाटलं तर दोन शब्द बोला.' सगळ्यांनी 'मी मद्यपी आहे' म्हणून सुरुवात केली होती. माझ्या तोंडातून आलं, 'मला थोडा ड्रिंकिंगचा इश्यू आहे.' कोणी हसलं नाही, पण माझं मलाच कसंतरी झालं. शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणाले. मी देवाधर्मातला नाही. चहा होता, न घेता निघालो.

निघालो तो नेहमीच्या बारसमोर गाडी लावून दहा मिनिटं बसलो. आत गेलो नाही. पण बसलो.

तर विचारायचं हे: सगळ्या मीटिंगा अशाच असतात का? आपल्याला जमेल अशी कशी ओळखायची? शिवाय माझी पाळी दर आठवड्याला बदलते, त्यामुळे 'दर गुरुवारी सात वाजता' हे मला तीन आठवड्यांतून दोनदाच शक्य आहे.

---

कोरडा_रविवार

बारसमोर दहा मिनिटं बसून परत फिरलात हे कुठेतरी लिहून ठेवा. पुढे कामाला येतं.

आता चहाबद्दल. चहा न घेता निघालात म्हणजे अर्धी मीटिंग सोडून आलात. नंबर चहाच्या वेळी मिळतात. त्या काकांची बदलीची गोष्ट ऐकवत नाही हे कबूल, पण चहा घेताना तुमच्या वयाचा एखादा बाजूला येऊन 'मीपण कारखान्यातच आहे' म्हणाला असता. त्याचा नंबर खिशात असता तर बारसमोर गाडीत बसल्या बसल्या त्याला फोन लावता आला असता.

मला अकरा वर्षं झाली. पहिल्या महिन्यात मी सात ग्रुप फिरलो, ठाण्यापासून पार दादरपर्यंत. सातांतले दोन अजिबात आवडले नाहीत. एकात दोन जुन्या मेंबरांचं आपसात भांडण चालू होतं आणि प्रत्येकाचं शेअरिंग म्हणजे दुसऱ्याला टोमणा. एकात सगळे इतके श्रीमंत की मी माझी दारू देशी होती हे सांगायलाच लाजलो. उरलेल्या पाचांतला एक माझा होम ग्रुप, म्हणजे नेहमीचा ग्रुप, झाला. तो सगळ्यात चांगला होता असं म्हणणार नाही. तो फक्त सव्वासातला भरायचा.

हे सव्वासात महत्त्वाचं. माझी बसायची वेळ सव्वासात. ऑफिस सुटलं की लोकल, लोकल सुटली की स्टेशनबाहेरचा बार. त्या वेळेला पाय आपोआप तिकडे वळायचे. मग त्याच वेळेला ते दुसरीकडे वळवायचे एवढाच हिशोब होता. रविवारी सकाळी दहाची एक फार सुंदर मीटिंग होती, माणसं हुशार, शेअरिंग मुद्द्याचं. पण रविवारी सकाळी दहाला मला कधी तहान लागतच नव्हती! तिथे जाऊन यायचो आणि संध्याकाळी घरात येरझाऱ्या घालायचो. तर आधी तुमची बसायची वेळ कुठली ते सांगा, मग बोलू.

बाकी माहितीचं थोडं. 'ओपन' मीटिंगला कोणीही येऊ शकतं, बायको, भाऊ, डॉक्टर, विद्यार्थी. 'क्लोज्ड' फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. काही मीटिंगांत ए.ए.च्या बारा पायऱ्यांपैकी (दारू सोडण्याचे ठरलेले टप्पे) एकेक पायरी घेऊन बोलतात, काहींत एकच जण सगळा वेळ आपली कहाणी सांगतो, काहींत विषय ठरवून फेरी होते. तुम्ही गेलात ती फेरीची असावी. नवीन माणसाला मी एकट्याच्या कहाणीची सुचवीन. त्यात बोलावं लागत नाही, मागे बसून ऐकता येतं.

आणि हो, मेंबर व्हायला 'मी मद्यपी' म्हणावंच लागतं असं कुठेही लिहिलेलं नाही. पिणं थांबवायची इच्छा, एवढी एकच अट आहे. फी नाही, फॉर्म नाही. शेवटी पिशवी फिरते तिच्यात मेंबर आपापल्या इच्छेने टाकतात, बाहेरच्यांची देणगी घेतच नाहीत. कोणी 'ए.ए.ची ॲडमिशन फी' मागत असेल तर ती ए.ए. नव्हे.

---

पांढरा_कोट

धागाकर्त्याने हॉस्पिटलात राहून बंद केली ते योग्यच केलं. पण हा धागा उद्या आणखी कोणी वाचेल म्हणून लिहितो.

रोज भरपूर पिणाऱ्याने वाचून-बिचून जोश येऊन एका रात्रीत घरी बंद करू नये. हात थरथरणं, घाम, झोप न लागणं इथपर्यंत ठीक, पण शेवटच्या पेगानंतर साधारण ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस घरच्यांना ओळखत नाही. यात जीवही जातो. लोक म्हणतात 'दारू सोडली आणि वेडा झाला'. वेडा झालेला नसतो, उपचाराविना सोडलेली असते. आधी डॉक्टर, मग मीटिंग.

दुसरं. मीटिंगमध्ये एखादा जुना मेंबर सांगेल की गोळ्या म्हणजेही नशाच, त्या बंद करा. त्याचं बाकी सगळं ऐका, हे ऐकू नका. ए.ए.चीच भूमिका आहे की मेंबरांनी डॉक्टरकी करू नये.

तिसरं घरच्यांसाठी. डायसल्फिरामची (दारू सोडवायची) गोळी वरणात कालवून नवऱ्याच्या नकळत देऊ नका. मेडिकलवाला हळूच देतो, शेजारीण सांगते, सगळं माहीत आहे. ती पोटात असताना माणूस प्यायला तर छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली. मी असे पेशंट रात्री दोनला पाहिलेत आणि बाजूला बायको थिजून उभी असते. ती गोळी त्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच द्यायची असते. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा परिणाम राहू शकतो.

---

गावाकडचा_अप्पा

एवढं कशाला? आमच्या वडिलांनी पंढरपूरला जाऊन माळ घातली, सुटली. कसली मीटिंग नि कसलं काय. मनाचा निश्चय पाहिजे.

---

कोरडा_रविवार

अप्पा, तुमच्या वडिलांना नमस्कार. एक सांगा, माळ घातल्यावर ते संध्याकाळी कुठे असायचे?

---

गावाकडचा_अप्पा

कुठे म्हणजे? देवळात. रोज हरिपाठ. एकादशीला भजन. सप्ताह असला की आठ दिवस घरी जेवायलाही नाही.

---

कोरडा_रविवार

आणि एखाद दिवशी नाही गेले तर?

---

गावाकडचा_अप्पा

मग टाळकरी मंडळी घरी येऊन विचारायची, बरं आहे ना म्हणून.

बरं बरं, कळलं तुमचं म्हणणं.

---

शंकेखोर

माझा आक्षेप वेगळा आहे. बारा पायऱ्यांत देव आहे, 'आपल्यापेक्षा श्रेष्ठ शक्ती' आहे, कबुलीजबाब आहे. मूळ अमेरिकन ख्रिस्ती वळणाचा हा प्रकार आपण आयात केलाय. चालतो याला पुरावा काय? जे टिकले ते मीटिंगमध्ये दिसतात, जे गेले ते दिसत नाहीत. अकरा वर्षंवाले बोलणारच.

---

पांढरा_कोट

शंका रास्त आहे. बरीच वर्षं पुरावा खरोखर लंगडा होता. २०२० साली कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावा आला, त्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांवर माणसं होती. पूर्णपणे दारूपासून लांब राहण्याच्या बाबतीत ए.ए. आणि त्याकडे पद्धतशीरपणे वळवणारे उपचार हे इतर मान्य उपचारांइतके किंवा काहीसे सरस ठरले. त्यातले बहुतेक अभ्यास अमेरिकेतले आहेत हेही सांगतो. म्हणजे जादू नाही, पण अंधश्रद्धाही नाही. देव नकोच असेल तर स्मार्ट रिकव्हरीसारखे, देवाचा संबंध नसलेले गटही आहेत. आपल्याकडे प्रत्यक्ष भरणारे मोजकेच, ऑनलाइन मात्र भेटतात.

---

कोरडा_रविवार

मीही नास्तिक. आमच्या ग्रुपात एक जण 'श्रेष्ठ शक्ती' म्हणून सव्वासातच्या लोकलचं नाव घ्यायचा, म्हणे ती माझ्यापेक्षा श्रेष्ठ आहे हे रोज सिद्ध करते. प्रार्थनेच्या वेळी मी गप्प उभा राहतो. अकरा वर्षांत कोणी हटकलेलं नाही.

अवांतर: १९३५ च्या मे महिन्यात ओहायोतल्या ॲक्रन गावी एक शेअर दलाल हॉटेलच्या लॉबीत उभा होता. धंद्याचा सौदा फसलेला, दारू सोडून पाच-सहा महिने झालेले, आणि बाजूच्या बारमधून हसण्याचे आवाज. तो बारकडे न जाता फोनकडे गेला. यादीतल्या चर्चना फोन लावत सुटला, की तुमच्या माहितीत कोणी बेवडा आहे का, मला त्याच्याशी बोलायचंय. त्यातून एका सर्जनची गाठ पडली. त्या सर्जनने १० जूनला शेवटचा पेग घेतला आणि तीच ए.ए.ची जन्मतारीख धरतात. आपल्याकडे ए.ए. १९५७ मध्ये आली. धागाकर्त्याची गाडीतली दहा मिनिटं वाचून मला ती लॉबी आठवली. फरक फोनचा.

---

उंबऱ्याच्या_आत

मी पिणाऱ्याची बायको. इथे लिहू की नको असं चाललं होतं.

नवरा मीटिंगला जाईना म्हणून मीच त्याच्यासाठी मीटिंगा शोधत बसायचे. पत्ते लिहून फ्रिजवर लावायचे, रिक्षा बोलवायचे, एकदा तर त्याला सोडून बाहेर पायरीवर दीड तास बसले. तो मागच्या दाराने निघून गेला होता. शाळेला मागचं दार असतं हे मला काय माहीत.

मग कोणीतरी अल-ॲनॉनचं सांगितलं, ती घरच्यांसाठी असते. पहिल्या दिवशी ऐकलं की ही दारू मी लावलेली नाही, ती माझ्या ताब्यात नाही आणि ती बरी करणंही माझ्या हातात नाही. घरी येऊन मी फ्रिजवरचे कागद काढले. पुढे नवरा पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस राहिला, तेव्हा तिथल्या 'सहचरी' गटात बसले. सगळ्या आमच्यासारख्याच. कोणी रडलं तर बाकीच्या थांबून राहतात, 'रडू नको' असं म्हणत नाहीत.

तिसरी_पाळी, तुमच्या घरच्यांना पण कुठेतरी जाऊ द्या. तुमच्याबद्दल तुमच्या पाठीमागे बोलतील, तर बोलू द्या.

---

जुना_पेशंट

मुक्तांगणचा विषय निघालाय म्हणून. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी तिथे होतो. सांगायचं एवढंच की केंद्र वेगळं आणि ए.ए. वेगळी, लोक गल्लत करतात. केंद्रात राहायचं, उपचार घ्यायचे, बाहेर पडायचं. ए.ए. बाहेर पडल्यावर जी रिकामी संध्याकाळ समोर येते तिच्यासाठी. शिवाय मुक्तांगणचे पाठपुराव्याचे गट गावोगाव भरतात, तेही विचारा.

आणि केंद्र निवडताना डोळे उघडे ठेवा. मुक्तांगणच्या आधी घरच्यांनी मला दुसरीकडे टाकलं होतं, नाव घेत नाही. गाडीत चौघांनी उचलून नेलं आणि तिथे मारायचे. जिथे भेटू देत नाहीत, फोन देत नाहीत, फी मात्र आगाऊ, तिथे कोणाला पाठवू नका. कुठे विचारायचं कळत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, मन फारच खचलं असेल तर टेलि-मानस १४४१६. दोन्ही फुकट.

---

नाव_नकोच

बाईने लिहिलेलं एकतरी असावं म्हणून. वाईन, मग व्होडका, स्टीलच्या पाण्याच्या बाटलीत. नवऱ्याला दोन वर्षं कळलं नाही.

पहिल्या मीटिंगला बावीस पुरुष आणि मी. सगळे सभ्य होते, पण एकाने मला विचारलं, 'मिस्टर नाही आले?' त्याला वाटलं मी पेशंटची बायको. मी म्हटलं, पेशंटच आलीय. तिथे परत गेले नाही, आणि वर्षभर पीत राहिले. मला कोणी सांगितलं असतं की फक्त बायकांच्या मीटिंगाही असतात, तर ते वर्ष वाचलं असतं. ऑनलाइन तर रोज आहेत. पोळ्या लाटताना एका कानात इअरफोन, कॅमेरा बंद.

बायकांसाठी एक: पहिले काही महिने स्पॉन्सर (नव्याला सोबत करणारा जुना मेंबर) बाईच घ्या. आणि नव्या बाईला पहिल्याच दिवशी 'मी तुला घरी सोडतो' म्हणणारा भेटला तर नको म्हणा. प्रत्येक ग्रुपात असा एखादा असतो असं नाही, पण असतो. (कोणी बाई शोधत असेल तर व्यनि, म्हणजे खाजगी निरोप, करा.)

---

बार्शी_लाईट

आमच्याकडे आठवड्यातून एकच मीटिंग आणि तिथे सगळे ओळखीचे. गुप्तता वगैरे शहरात. मी आठवड्यातून एकदा एस.टी.ने सोलापूरला जातो, येऊन-जाऊन चार तास. कंडक्टरला वाटतं माझं तिकडे काही 'प्रकरण' आहे. वाटू दे.

---

कोरडा_रविवार

:) मीही आधी तीन स्टेशनं सोडून जायचो, ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून. पहिल्याच दिवशी आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. तेही तीन स्टेशनं सोडून आले होते.

---

न्यूजर्सी_नाना

इकडे उलट. गाडीने वीस मिनिटांत दिवसाला दहा मीटिंगा, पहाटे सहापासून. कोर्टाने पाठवलेली पोरं सहीचा कागद घेऊन मागच्या रांगेत बसतात. मला कशाचीच कमी नव्हती, पण मी दोन वर्षं इंग्रजीतच सोबर होतो. इंग्रजीत मी कधीच खोटं बोललो नाही, कारण खरंही कधी बोललो नव्हतो. वडिलांच्या खिशातले पैसे काढून क्वार्टर आणायचो हे 'आय स्टोल मनी' म्हटलं की सिनेमातलं वाटायचं.

लॉकडाऊनमध्ये मराठी मीटिंगा ऑनलाइन आल्या. तिकडच्या शनिवारी संध्याकाळी साडेसात, इकडे सकाळचे दहा, हिवाळ्यात नऊ. पहिल्यांदा मराठीत 'आईला ढकललं होतं' एवढे तीन शब्द बोललो आणि माइक बंद केला. मीटिंग निवडताना भाषा बघा हो. आपण शिव्या ज्या भाषेत देतो त्या भाषेतली.

---

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

सगळं दोनदा वाचलं. उत्तर द्यायला वेळ लागला कारण मध्ये गटारी होती.

कोरडा_रविवार यांनी बसायची वेळ विचारली होती. मांडून बघितली. पहिल्या पाळीला चारच्या सुमारास, सुटल्या सुटल्या. दुसऱ्या पाळीला रात्री साडेअकराला सुटून, घराखाली गाडीतच, चपटी. तिसऱ्या पाळीला सकाळी सातला, हो, सकाळी. म्हणजे मला एक मीटिंग पुरायचीच नाही. हे लिहून काढेपर्यंत डोक्यातही आलं नव्हतं. मी आपला 'मीटिंग चांगली नाही' म्हणत होतो.

आणि अप्पा, मीही दर वर्षी श्रावण पाळायचो. तीस दिवस हात लावायचो नाही आणि बायकोला म्हणायचो, बघ, मी बेवडा असतो तर जमलं असतं का? मग गणपती उठले की उरलेलं सगळं एका आठवड्यात भरून काढायचो. गटारीच्या रात्री ग्रुपवर फोटो येत होते. मी फोन बंद करून ऑनलाइन मीटिंगला बसलो. कुठली होती माहीत नाही, कोकणी की काय बोलत होते, अर्धं कळलं. चाललं.

---

बार्शी_लाईट

अर्धं कळलं म्हणजे पुष्कळ.

---

तिसरी_पाळी (धागाकर्ता)

धागा वर काढतोय. आज चौऱ्याऐंशी दिवस.

सध्याची व्यवस्था अशी: तिसऱ्या पाळीनंतर सकाळी साडेसातला ऑनलाइन, कंपनीच्या बसमध्ये, मागच्या सीटवर. दुसऱ्या पाळीला रात्री मीटिंग सापडली नाही, तर एका मेंबरला फोन ठरलाय, तो रिक्षा चालवतो, त्या वेळेला जागाच असतो. गाडीत बसून चपटीच्या जागी त्याच्याशी बोलतो, बहुतेक तोच बोलतो. पहिल्या पाळीला चार वाजता काहीच नाही, तेव्हा पोराला क्लासला सोडायचं काम मागून घेतलंय. आणि ज्या आठवड्यात जमेल त्या गुरुवारी तीच शाळा, तीच बाकं.

हो, तिथेच परत गेलो. तीन दुसरे ग्रुप बघून झाल्यावर. नांदेडच्या बदलीवाले काका होते. यावेळी मी चहाला थांबलो आणि त्यांनाच विचारलं, त्या गोष्टीत दारू कुठे होती? म्हणाले, 'बदली का झाली तेच तर सांगत होतो, तुम्ही ऐकलं नाही वाटतं.' खरंच ऐकलं नव्हतं. मी तेव्हा घड्याळ बघत होतो.

'मी मद्यपी' अजून एकदाच म्हणालोय, तेही हळू. प्रार्थनेला गप्प उभा असतो.

एक प्रश्न आहे. येत्या गुरुवारी चहाचं माझ्याकडे दिलंय. सोळा-सतरा माणसांना अर्धा लिटर दूध पुरेल का?

---

कोरडा_रविवार

एक लिटर घ्या. दोनदा घेणारा प्रत्येक ग्रुपात एक असतो.